नायिकेला धाप लागते तेव्हा

महोदय,

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या प्रेमकादंबऱ्या सध्या मुली अधाशासारख्या वाचतात. भाचीच्या उशाखाली सापडली म्हणून मीही एक वाचून काढली. मुखपृष्ठावर बर्फावरची हॉकी, आत गुलाबी मामला. दोन तासांची करमणूक होईल, एवढीच अपेक्षा होती. पण सामन्याआधी नायिका स्वच्छतागृहात दार लावून बसते, बोटं बधिर होतात, श्वास पुरत नाही, ते पान वाचून पुस्तक मिटलं.

मी शाळेत वीस वर्षं कबड्डी शिकवली. एक चढाईपटू दर सामन्याआधी उलटी करायची. आम्ही तिला लिंबू चोखायला देत होतो आणि वर ‘नाटकं पुरे’ म्हणत होतो! 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने मनःस्वास्थ्याचं कारण देत सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कादंबरीत समुपदेशकाकडे जाणं दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतकं साधं आहे, हे फार आवडलं. खटकलं ते एवढंच, की शेवटी नायकाच्या मिठीत सगळं बरं होतं. असं कुठे असतं का?

आपल्याकडे ‘टेलिमानस’ची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा 2022 पासून आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मैदानावरच्या फळ्यावर मी अजून पाहिलेला नाही. आणि खो-खोच्या मैदानावरची अशी कादंबरी मराठीत कुणी लिहिली, तर पहिली प्रत माझी.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली