डेसिबल मोजता, मग अंतर का नाही? : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

गेल्या विसर्जनाला आमच्या पेठेतून मिरवणूक चालली होती. कोपऱ्यावर एक हवालदार डेसिबल मीटर धरून उभे. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर, राहवलं नाही. विचारलं, "किती?" "८८, सर." "किती अंतरावरून?" त्यांनी कागद पुढे केला. त्यावर अंतराचा रकानाच नव्हता.

भाव सांगायचा आणि किलोचा की पावशेराचा ते सांगायचं नाही, तसंच हे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरच्या पेटीपासून १ मीटरवर ११० असेल, तर २ वर १०४, ४ वर ९८ आणि १०० मीटरवर ७०. म्हणजे तेच ८८ साधारण १२ मीटरवरून घेतले असतील तर पेटीपाशी ११० निघतात आणि ५० मीटरवरून घेतले असतील तर १२२!

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तिथली मर्यादा दिवसा ५०, रात्री ४०. हद्दीच्या एक पाऊल बाहेर उभी केलेली ११० ची पेटी रुग्णाच्या खिडकीत ७० पोचवते. तेही मैदानात. बोळात दोन्हीकडे भिंती, आवाजाला पसरायला जागा कुठे? शिवाय ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत म्हणजे काही एकटी पेटी नव्हे; तिच्या जवळपास तर हा ६ चा उतारही मिळत नाही.

आणखी एक. नियमातली मर्यादा 'ए' मापनाची, म्हणजे माणसाच्या कानासारखे खर्जातले आवाज कमी धरणाऱ्या मापनाची. त्यात ६३ हर्ट्झचा, म्हणजे अगदी खर्जातला, दणका मीटर सुमारे २६ डेसिबलने कमी दाखवतो. त्या रात्री आमच्या फडताळात तांब्यावरचं फुलपात्र खुळखुळत होतं. ते ज्या दणक्याने खुळखुळत होतं, तो मीटरच्या आकड्यात जेमतेमच उतरतो.

तेव्हा मागणं एवढंच: पंचनाम्यात अंतराचा रकाना घाला, मीटरसोबत मोजायची टेप द्या, आणि 'ए'च्या जोडीला खर्जातला दणका फारसा न वगळणाऱ्या 'सी' मापनाची नोंदही घ्यायला सांगा. यातलं काहीच महागडं नाही.

हवालदारांना पटलं होतं. त्यांनी टेप मागितली, मी घरातून आणूनही दिली. तोवर ट्रॅक्टर पुढच्या चौकात पोचला होता.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा