सूचना : सिस्टर्सना कृतज्ञतापत्रे देण्याबाबत

सर्व माजी विद्यार्थिनी सभासदांना कळविण्यात येते की, आपली शाळा चालवणाऱ्या सिस्टर्सना द्यावयाचे कृतज्ञतापत्र प्रत्येकीने स्वहस्ते लिहून ३१ जानेवारीपर्यंत चिटणिसांकडे पोहोचवावे. कॅथलिक चर्चमध्ये १९९७ पासून २ फेब्रुवारी हा दिवस व्रतस्थ जीवनाला वाहिलेला जागतिक दिन म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी ही पत्रे एकत्रितपणे त्यांच्या हाती दिली जातील.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतलेल्या सिस्टर्सचे वेतन स्वतःकडे न राहता संघाच्या सामाईक निधीत जमा होते, हे शाळेत असताना आपल्यापैकी कित्येकींना ठाऊकही नव्हते. आपल्याला दिसत असे ते एवढेच, की वहीच्या समासात लाल शाईने 'पुन्हा प्रयत्न कर' असे लिहिलेले आहे, आणि शाळा सुटल्यावर शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत सिस्टर किल्ल्यांचा जुडगा हातात धरून फाटकाशी उभ्या आहेत. १५३५ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे अँजेला मेरिची यांनी उर्सुलाइन संघ स्थापन केला, तेव्हापासून मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या धर्मभगिनींची ही परंपरा चालत आली आहे.

पत्रात नुसते आभार न मानता एखादा नेमका प्रसंग लिहावा. वैयक्तिक भेटवस्तू किंवा रोख रक्कम मात्र देऊ नये, कारण ती त्यांच्या व्रताशी विसंगत ठरते. निवृत्त होऊन मठात राहणाऱ्या सिस्टर्सना आवर्जून लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांची विचारपूस करण्यात आपण फार उशीर केला आहे.

– चिटणीस, माजी विद्यार्थिनी मंडळ