रोटोरुआच्या सहलीत गायझर न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : न्यूझीलंड सहलीत छापील कार्यक्रम न पाळल्याबाबत.

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीतर्फे मी आणि माझे वडील नुकतेच न्यूझीलंडला जाऊन आलो. वडील ७४ वर्षांचे. शाळेत ३२ वर्षं भूगोल शिकवताना त्यांनी गायझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, खडूने फळ्यावर काढला, प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं म्हणजे वज्रेश्वरी, तेवढीच त्यांच्या वाट्याला आली. केवळ गायझरसाठी प्रसिद्ध असलेल्या रोटोरुआ शहरासाठी मी ही सहल घेतली.

कार्यक्रमपत्रिकेत 'वाय-ओ-तापू : लेडी नॉक्स गायझर' असं स्पष्ट छापलं आहे. रोटोरुआजवळच्या या ठिकाणी रोज सकाळी सव्वादहाला गायझरच्या तोंडात साबण टाकून फवारा उडवतात, तोही दिवसातून एकदाच. ही वेळ टूर मॅनेजरना ठाऊक असायलाच हवी होती. तरी बस आधी लोकरीच्या दुकानापाशी तासभर थांबली. वडिलांनी दोनदा घड्याळ दाखवलं, तर "काका, तो दिवसभर उडतच असतो," असं उत्तर मिळालं. आम्ही पोहोचलो साडेअकराला. बाक रिकामे होते आणि पांढऱ्या शंकूच्या तोंडातून जेमतेम वाफ निघत होती. वडील काही बोलले नाहीत, तिथेच बसून राहिले.

दुपारी ही चूक भरून काढता आली असती. शहरातला पोहुटू गायझर आपोआप उडतो, तासाला एकदोनदा, ३० मीटरपर्यंत. तो मंदावला म्हणून १९८०च्या दशकात तिथल्या सरकारने त्याच्या दीड किलोमीटर परिसरातल्या, जमिनीतलं गरम पाणी उपसणाऱ्या बोअर बंद केल्या, हेही वडिलांनी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. मी वेगळे पैसे भरायला तयार होते. मॅनेजर "वेळ नाही" म्हणाले आणि मोफत प्रवेशाच्या कुइराऊ पार्कात वीस मिनिटं उतरवलं. तिथे कुंपणाला धरून खदखदणारा चिखल बघत वडील म्हणाले, "पिठलं रटरटतं तसं." त्या दिवसात ते हसले ते तेवढंच.

माझ्या मागण्या अशा : रोटोरुआच्या दिवसाचे दोघांचे पैसे परत करावेत. चुकीची माहिती देऊन गप्प बसवल्याबद्दल वडिलांची लेखी माफी मागावी, आणि ती त्यांच्याच नावे पाठवावी. यापुढच्या सहलींत त्या दिवशी गायझरच्या आधी दुकान ठेवू नये. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पावत्या व कार्यक्रमपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपल्या सहलीतील एक प्रवासी, ठाणे