मध्यम इंग्रजी वर्ग : रविवारची बैठक

सर्व शिकवणाऱ्या सभासदांना नमस्कार.

प्रौढांच्या मध्यम इंग्रजी वर्गाची आखणी येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत पक्की करायची आहे. कृपया वेळेवर या.

पातळीसाठी २००१ची युरोपीय चौकट (भाषा किती येते ते मोजायची सीईएफआर ही पट्टी) धरू. तिच्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांपैकी आपल्याला बी१, म्हणजे तिसरी, गाठायची आहे. तिच्या आधीच्या ए२वरून तिथे पोचायला साधारण दीडशे ते दोनशे तास शिकवावं लागतं. आपले आठवड्याला तीनच तास होतात, त्यामुळे ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ असं पत्रकात कुणीही छापू नये. नोकरी-घर सांभाळून येणाऱ्यांना खोटी आशा दाखवणं बरं नव्हे.

व्याकरणात आधी काळ घेऊ. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हे चुकीचं वाक्य (‘यस्टर्डे’ आलं की ‘आय सॉ हिम’ हवं) वहीवहीत सापडतं, कारण मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ सहज चालतं. हा फरक मराठीतूनच समजावा, लवकर पटतो.

मागच्या तुकडीतल्या एका काकू नियम घडाघडा सांगायच्या, पण नातवाच्या शाळेतून फोन आला की तो सुनेच्या हातात द्यायच्या. म्हणून यंदा प्रत्येक तासाची निदान २० मिनिटं जोडीने बोलण्यासाठी राखून ठेवायचीच, असं माझं ठाम मत आहे.

येताना प्रत्येकाने घरातला एक खरा इंग्रजी कागद आणावा : औषधाची माहितीपत्रिका, बँकेचं पत्र, विम्याचा अर्ज, काहीही. धडे त्यावरूनच बेतू.

ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी कोणत्या वारी शिकवू शकाल ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवावं.