‘पूर्ण रीकंडिशन्ड’ म्हणून विकलेल्या पिनबॉल मशिनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘फिश टेल्स’ (विल्यम्स, शिकागो, १९९२) या सेकंडहँड पिनबॉल मशिनमधील गंभीर दोष, तसेच नवीन ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेतील चुकीच्या सल्ल्यांबाबत.

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, पुस्तिकेची प्रत, फोटो आणि मोजमापांचा तक्ता.

महोदय / महोदया,

पुण्यात जुनी पिनबॉल मशिन जमवणारे आणि स्वतः दुरुस्त करणारे आम्ही काहीजण हे पत्र एकत्र लिहीत आहोत. आमच्यातल्या एका नवीन सभासदाने आपल्याकडून वरील मशिन विकत घेतले. ते त्यांचे पहिलेच मशिन. बिलावर आपण ‘पूर्ण रीकंडिशन्ड, भारतीय विजेसाठी रूपांतरित’ असे लिहून दिले आहे. काच काढून, प्लेफिल्ड (गोळा फिरतो ती फळी) उचलून आणि बॅकबॉक्स (मागची उभी पेटी) उघडून पाहिल्यावर यातले एकही विधान खरे नाही, असे आमच्या लक्षात आले.

सर्वात आधी विजेबद्दल, कारण हा जिवाशी खेळ आहे. हे मशिन मूळचे अमेरिकेतले, ११५ व्होल्टचे. ते २३० व्होल्टवर आणायचे, तर कॅबिनेटच्या तळातल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूचे जंपर (जोडतारा) बदलावे लागतात. ते आपण बदलले आहेत. पण काम तिथे संपत नाही. पॉवर बॉक्समध्ये मेन्सच्या दोन तारांच्या मधे एक व्हॅरिस्टर असतो. व्होल्टेज एकदम वाढले की तो स्वतः शॉर्ट होतो, लाइन फ्यूज उडवतो आणि बोर्ड वाचवतो. अमेरिकन मशिनमधला व्हॅरिस्टर ११५ व्होल्टच्या हिशेबाचा असल्यामुळे २३० व्होल्ट मिळताच तो फ्यूज उडवणारच. त्याच्या जागी २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर लावायचा असतो. मेन लाइनच्या कामात हा भाग अगदी स्वस्त. आपल्या तंत्रज्ञाने व्हॅरिस्टर कापून टाकला, त्याचे दोन पाय तसेच लोंबकळत ठेवले आणि लाइन फ्यूजच्या जागी १५ अँपिअरचा फ्यूज बसवला. म्हणजे संरक्षणाचे दोन्ही मार्ग आपण एकाच वेळी काढून घेतले. पावसाळ्यात वीज जाऊन परत येताना व्होल्टेज किती उसळते, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

अर्थिंगची गोष्ट याहून वाईट आहे. मशिनच्या वायरला मूळची तीन पिनांची अमेरिकन प्लग आहे. तिच्यावर आपण दोन पिनांचे ट्रॅव्हल अडॅप्टर चढवले आहे. अर्थ तिथेच तुटतो. पिनबॉल मशिनचे पाय, पुढची लॉकबार (काच धरणारी आडवी पट्टी), बाजूच्या पट्ट्या, नाण्यांचा दरवाजा हे सगळे धातूचे असते आणि खेळणाऱ्याचे हात सतत त्यावर असतात. आत जाड विणलेल्या तारेने हे सगळे भाग अर्थशी जोडलेले असतात; या मशिनमध्ये ती तारसुद्धा लॉकबारच्या बाजूला तुटलेली आहे. बाकी कोणत्याही चर्चेआधी हे दुरुस्त व्हायला हवे. योग्य मार्ग सोपा आहे: जुनी प्लग कापून आयएसआय मार्कची तीन पिनांची प्लग लावायची आणि मल्टिमीटरने अर्थ पिन ते पाय, अर्थ पिन ते दरवाजा असा रेझिस्टन्स तपासायचा. तो एक ओहमच्याही आत यायला हवा. कॅबिनेटच्या आत दुरुस्तीसाठी दिलेले अमेरिकन सॉकेटही आपण तसेच ठेवले आहे. त्यात आता २३० व्होल्ट येतात. कुणी ११० व्होल्टची सोल्डरिंग गन तिथे लावली, तर ती जळेल. ते सॉकेट बंद करून त्यावर तसे लिहिलेले असायला हवे होते.

आता बॅकबॉक्स. या पिढीच्या विल्यम्स मशिनमध्ये सीपीयू बोर्डवर तीन पेन्सिल सेल असतात, वेळ, सेटिंग आणि मोठे स्कोअर लक्षात राहावेत म्हणून. अल्कलाइन सेल जुने झाले की फुटतात आणि त्यातले पाणी खाली ओघळते. खाली नेमका स्विच मॅट्रिक्सचा भाग असतो, म्हणजे प्लेफिल्डवरच्या स्विचांची खबर ज्या चिप्समधून जाते तो. या बोर्डवर सेलच्या होल्डरखाली हिरवट-पांढरी पूड आहे, दोन चिप्सचे पाय काळे पडले आहेत आणि त्याच जागी आपण नवे सेल घालून दिले आहेत. त्यामुळे पूर्ण एका रांगेतले स्विच अधूनमधून मरतात. स्क्रीनवर क्रेडिटच्या आकड्यापुढे ठिपका दिसतो, तो याचसाठी: मशिन स्वतः सांगत असते की टेस्ट रिपोर्टमध्ये चूक नोंदली आहे. विकण्याआधी तो रिपोर्ट कुणी उघडलाच नाही, हे उघड आहे. दरवाजाच्या आत चार बटणे असतात. त्यांतल्या एंटरने मेनूत शिरून टी-१ ही स्विच टेस्ट लावली आणि प्रत्येक स्विच बोटाने दाबला, तर हा दोष चहा होईपर्यंत सापडतो.

यावर उपाय नुसती पूड पुसणे नव्हे. सेल काढायचे, होल्डर काढायचा, पांढरे व्हिनेगर आणि पाणी अर्धे-अर्धे घेऊन क्षार मारायचा, पाण्याने धुवायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाळवायचे, हिरवा पडलेला तांब्याचा ट्रॅक चकचकीत दिसेपर्यंत घासायचा, खराब सॉकेट आणि चिप्स बदलायच्या. पुढे सेल बोर्डवर ठेवायचेच नाहीत. एक तर वायर लावून होल्डर बाहेर, बोर्डच्या खाली घ्यायचा, नाही तर सेलच लागणार नाही असा मेमरी चिप बसवायचा. हा नियम जगभरातले छंदिष्ट कधीपासून पाळतात.

तिसरी तक्रार रीसेटची. दोन्ही फ्लिपर (गोळा टोलवणारे दांडे) एकदम दाबले की खेळ बंद पडून मशिन पुन्हा सुरू होते. आपल्या सेवा विभागाने फोनवर ‘सीपीयू बोर्ड बदलावा लागेल’ असे सांगितले आणि त्याचा वेगळा खर्च कळवला. हे निदान चुकीचे आहे. फ्लिपर उडताना ओढ पडते, पाच व्होल्टची लाइन खाली जाते आणि वॉचडॉग (लक्ष ठेवणारे) सर्किट प्रोसेसर रीसेट करते. पॉवर ड्रायव्हर बोर्डवरच्या टीपी-२ या जागी आम्ही मोजले, तेव्हा मशिन नुसते उभे असतानाच ४.८ व्होल्ट मिळाले. ते ५ च्या आसपास हवे. अशा वेळी आधी घरातले व्होल्टेज आणि ट्रान्सफॉर्मरचे जंपर जुळतात का ते बघायचे, मग जे-१०१ कनेक्टर, मग बीआर-२ हा ब्रिज रेक्टिफायर आणि सी-५ हा १५,००० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. त्या वयाच्या मशिनमध्ये हे दोन भाग दमलेले असतातच. बदलताना भोकांच्या आतले तांबे निघून येते, म्हणून पुढच्या-मागच्या ट्रॅकना तारेचा जंपर द्यावा लागतो. तो न दिल्यास तेच दुखणे परत येऊ शकते. या बोर्डवर सी-५ मूळचाच आहे. ‘पूर्ण रीकंडिशन्ड’ म्हणताना त्याला हातही लागलेला नाही.

त्याच बोर्डवरचे सर्वसाधारण दिव्यांचे कनेक्टर जळून तपकिरी झाले आहेत. तिथेही कोंबलेल्या तारांऐवजी नव्या क्रिंप पिना आणि नवे हेडर हवेत. फ्लिपरच्या बोर्डवर ३ अँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजऐवजी १० चा लावला आहे. सुमारे ७० व्होल्टवर चालणारी फ्लिपरची कॉइल (तारेचे वेटोळे) अडकून राहिली, तर हा फ्यूज उडणार नाही. आधी कॉइलचा धूर निघेल.

प्लेफिल्डखालचे फ्लिपर आम्ही उघडले. कॉइल स्टॉपचे तोंड ठोकले जाऊन मशरूमसारखे पसरले आहे, प्लंजरही (कॉइलमध्ये आत-बाहेर होणारा लोखंडी दांडा) तसाच, कॉइलच्या आतली प्लॅस्टिकची नळी घासली गेली आहे, लिंकचे भोक अंडाकृती झाले आहे. या सगळ्याचे सुटे किट मिळते. ते दोन्ही बाजूंना पूर्ण बसवायचे असते, कारण अर्धे नवे आणि अर्धे जुने भाग एकमेकांना लवकर खातात. त्याऐवजी आत तेल मारले आहे. कॉइलमध्ये तेल मारायचे नसते. धूळ चिकटते आणि फ्लिपर आणखी मंद होतो. वर गोळ्याला लागणारे दांडे, म्हणजे बॅटही बदलल्या आहेत. फिश टेल्सला विजेचे चिन्ह असलेल्या, नेहमीपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर आखूड बॅट येतात. आपण साध्या लांबीच्या लावल्या. त्यामुळे मधली फट अरुंद होते आणि डिझायनरने ठरवलेला खेळ बदलतो. नव्या माणसाला हे कधीच कळले नसते, आणि आम्हाला सर्वात जास्त राग याचाच आला आहे.

प्लेफिल्डला फोटोत आरशासारखी चकाकी दिसते, ती गाडीच्या स्प्रे पॉलिशची आहे. खाली फ्लिपरच्या वरच्या भागातल्या चार इन्सर्टच्या (फळीत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या) कडा उचललेल्या आहेत आणि शूटर लेनच्या (गोळा सुटतो त्या वाटेच्या) तोंडाशी लाकूड दिसते. आत तीन गोळे आहेत, तिघांवर गंजाचे ठिपके. २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा खरबरीत गोळा प्लेफिल्डवर सँडपेपरचेच काम करतो. नवे तीन गोळे घालायला आपल्याला काय खर्च आला असता? बॅकबॉक्सवरचा शेपूट हलवणारा मासा जाहिरातीच्या फोटोत होता, पार्सलमध्ये नाही. रबर आणि बल्ब मात्र खरोखर नवे आहेत, हेही नमूद करतो.

आता पुस्तिकेकडे. ती प्रत्येक नवीन ग्राहकाच्या हातात जाते, म्हणून ती आमच्या लेखी या एका मशिनपेक्षा महत्त्वाची आहे. तिच्यात लिहिले आहे की ‘दिवे लागले आणि गोळा सुटला म्हणजे मशिन उत्तम’. पहिले मशिन घेणाऱ्याने विक्रेत्याला काच काढायला सांगावी, प्लेफिल्ड उचलायला सांगावे, सेलची जागा मोबाइलच्या उजेडात बघावी, जळके कनेक्टर शोधावेत, प्रत्येक फ्यूजवरचा आकडा मॅन्युअलशी ताडून घ्यावा, टी-१ (स्विच) आणि टी-४ (कॉइल) या टेस्ट समोर चालवून घ्याव्यात आणि अर्धा तास सलग खेळून पाहावे, कारण रीसेटसारखे दोष अनेकदा मशिन तापल्यावर वर येतात. विक्रेता यांतल्या एका गोष्टीलाही नकार देत असेल, तर पैसे देऊ नयेत. पुस्तिकेत यातले काहीच नाही.

‘फ्यूज वारंवार उडत असेल तर पुढच्या रेटिंगचा लावा’ हे वाक्य तर ताबडतोब काढून टाकायला हवे. फ्यूज उडतो कारण मागे ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, कॉइल शॉर्ट आहे किंवा ब्रिज गेला आहे. ‘पाय काढायची गरज नाही, आडवे करून न्या’ हेही धोक्याचे आहे. आधी गोळे काढायचे, बॅकबॉक्सचे बोल्ट सोडून तो पुढे दुमडायचा, खाली घोंगडी ठेवायची, पट्ट्याने बांधायचा, मग पाय काढायचे, आणि शंभर किलोंहून जड असलेले हे धूड किमान दोघांनी उचलायचे. गोळे आत राहिले, तर रस्त्यात रॅम्प फोडतात. उतार ‘नजरेने ठरवा’ असे म्हटले आहे, तो ६.५ अंश असतो आणि पायांच्या लेव्हलरने, लेव्हल बघून साधायचा असतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत मशिन नेणाऱ्यासाठी दमट हवेचा एक शब्दही नाही. तिथे कनेक्टर आणि कॉइल ब्रॅकेट लवकर गंजतात, कॅबिनेटचा तळ फुगतो. मशिन भिंतीपासून हातभर लांब ठेवावे आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे, एवढे तरी लिहिता आले असते.

फिश टेल्सची १३,६४० मशिन तयार झाली आणि त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. म्हणून ‘जुने मशिन आहे, असे चालायचेच’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या अशा: १५ दिवसांत आपल्या खर्चाने मशिनची मेन वायरिंग, अर्थिंग, व्हॅरिस्टर आणि सर्व फ्यूज मॅन्युअलप्रमाणे करून द्यावेत, सीपीयू बोर्ड दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, पॉवर ड्रायव्हर बोर्डचे वर लिहिलेले भाग बदलावेत, योग्य बॅटसह फ्लिपर किट बसवावेत, तीन नवे गोळे आणि जाहिरातीतला मासा द्यावा. प्लेफिल्डची झीज भरून निघणारी नाही. तिच्यापोटी किमतीत योग्य ती घट करून फरक परत करावा. हे शक्य नसेल, तर मशिन परत घेऊन वाहतुकीसह पूर्ण रक्कम द्यावी. तोपर्यंत मशिनची प्लग काढून ठेवली आहे. पुस्तिका मागे घ्यावी आणि आपण याच पद्धतीने २३० व्होल्टवर आणलेल्या मशिनच्या सर्व ग्राहकांना अर्थिंग आणि फ्यूज तपासण्यासाठी लेखी कळवावे. ही शेवटची मागणी आम्ही कोणत्याही तडजोडीत सोडणार नाही.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, याची आपण नोंद घ्यावी. आपला तंत्रज्ञ पाहणीसाठी येणार असेल, तर आधी कळवावे. मल्टिमीटर, मॅन्युअल आणि आमची मोजमापे त्याच्यासमोर ठेवून प्रत्येक मुद्दा पुन्हा तपासून द्यायची आमची तयारी आहे.

कळावे,

आपले,
ग्राहक आणि सहकारी संग्राहक
पुणे