बायकांच्या घोरण्याकडे कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाई विसरायला लागली की घरचे म्हणतात वय झालं, पाळी गेली की असं होतंच. पण रात्री झोपेत तिचा श्वास अडकतो का हे कोणी विचारत नाही, डॉक्टरसुद्धा क्वचितच, आणि ते विचारलं गेलंच पाहिजे म्हणून हे पत्र.

स्लीप ॲप्निया या आजारात, ज्याचं एक लक्षण म्हणजे घोरणं, झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकवून उठवतो, परत डोळा लागतो, परत तेच, असं रात्रभर. अमेरिकेत २०११ साली 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास खास वयस्कर बायकांचाच होता. २९८ जणी, सरासरी वय ८२, सुरुवातीला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश कोणालाच नाही. पाचेक वर्षांनी बघितलं तर ज्यांचा श्वास झोपेत अडकायचा त्यातल्या जवळपास ४५ टक्के जणींची बुद्धी-स्मरणशक्ती घसरलेली किंवा डिमेन्शिया झालेला, बाकीच्यांत हेच ३१ टक्के. आणि संबंध दिसला तो ऑक्सिजन कमी पडण्याशी, नुसत्या झोपमोडीशी नाही. उपचार केले की डिमेन्शिया टळतोच असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण म्हणून मेंदूला रोज रात्री ऑक्सिजन कमी पडू द्यायचा का?

माझी मावशी लग्नघरी सगळ्याजणी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपल्या की खुर्चीत बसून रात्र काढते, का तर आपण घोरतो आणि पोरी हसतात. सकाळी डोकं जड, दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी, गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात नाही. काका घोरतात म्हणून त्यांची झोपेची टेस्ट लगेच झाली, हिला मात्र झोपेची गोळी मिळाली, आणि अशा काही गोळ्यांनी तर श्वास आणखीच अडकू शकतो! पाळी गेल्यावर हा धोका वाढतो, आणि बायका डॉक्टरांना घोरणं सांगतच नाहीत, त्या सांगतात थकवा, झोप न लागणं, डोकेदुखी, चिडचिड, मग औषध त्याचंच मिळतं. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर दिवसा बोटाला लावून ९८ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, आकडा पडतो तो झोपेत.

तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर सविस्तर लिहा ही कळकळीची विनंती. स्लीप टेस्ट कुठे होते, घरी करता येते का, खर्च किती, सरकारी दवाखान्यात सोय आहे का, हेसुद्धा छापा.

- एक वाचक, सांगली