आमची जोडाक्षरं जागेवर बसवणाऱ्या बेहदाद एस्फहबोद यांना

श्री. बेहदाद एस्फहबोद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. दिवाळी अंक, कवितासंग्रह, सहकारी संस्थांचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध, लग्नसराईत पत्रिका. सगळं काम लिनक्स या मोकळ्या संगणक-प्रणालीवर. मजकूर लिबरऑफिसमध्ये, पानं स्क्रायबसमध्ये, मुखपृष्ठ इंकस्केपमध्ये आणि तळटीपांनी भरलेला प्रबंध असेल तर झीटेकमध्ये. या चारही ठिकाणी मराठी अक्षर दिसण्याआधी हार्फबझ नावाच्या एकाच प्रोग्रामच्या हातून जातं, आणि त्या प्रोग्रामचा मोठा भाग तुम्ही लिहिलेला आहे. माझं घर चालतं त्यात तुमच्या कामाचा वाटा आहे. त्याचे आभार मानायला हे पत्र.

पत्र मराठीत आहे आणि सगळ्यांसमोर आहे, कारण तुमचं नाव आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. लिनक्स वापरणारा माणूस फायरफॉक्सला ओळखतो, लिबरऑफिसला ओळखतो. हार्फबझला खिडकी नाही, मेनूत नाव नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा असं कुठलंही लिनक्स बसवा, ते आपोआप सोबत येतं आणि दिसेल असं काहीच करत नाही. मराठी नीट दिसते तेव्हा कुणाच्या मनात प्रश्नच येत नाही. म्हणून वाचणाऱ्यांसाठी एक शब्द उलगडून सांगते.

‘आर्थिक’ हा शब्द घ्या. संगणकात तो उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: आ, मग र, मग पाय मोडल्याची खूण, मग थ, मग पहिली वेलांटी, शेवटी क. कागदावर मात्र क्रम वेगळा. वेलांटी थच्या मागून उठून त्याच्या पुढ्यात येते. र आपली जागा सोडून रफार होतो आणि थच्या डोक्यावर चढतो, तोही वेलांटीच्या कमानीला न धडकता. फॉन्टमध्ये हे सगळे आकार असतात. पण कुठला आकार कधी घ्यायचा, कोणाला कुठे हलवायचं आणि एका अक्षरापासून दुसरं किती अंतरावर ठेवायचं, हा हिशेब हार्फबझ करतं. प्रत्येक शब्दाला करतं. ज्यांना हे डोळ्यांनी बघायचंय त्यांनी टर्मिनलमध्ये एचबी-शेप ही आज्ञा चालवावी. फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की कोणते आकार निवडले, कोणत्या क्रमाने लावले आणि प्रत्येकाला किती जागा दिली ते एका ओळीत समोर येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच दाखवते.

आता आमच्या खास मराठी दुखण्याकडे येते. हिंदीला एका रफारावर निभावतं. आम्हाला दोन अर्धे र लागतात. आचार्यांना निमंत्रण द्यायचं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं, या दोन वाक्यांत फरक फक्त त्या एका रचा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही सोसायटीचा अहवाल उघडा, ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पानोपानी असतो. तो आडवा र गेला आणि तिथे रफार आला की मराठी वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. या रसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन वाटा आहेत. नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. जुन्या फायलींत दुसरी वाट सापडते, नव्यात पहिली. हार्फबझला दोन्ही समजतात आणि दोन्हींतून तोच र उमटतो. (शोधताना मात्र ते दोन शब्द वेगळे धरले जातात. डीटीपीवाल्यांनी मजकूर हाती आल्यावर आधी एक पद्धत करून घ्यावी, पुढचे हाल वाचतात.)

तुमच्या कामाची किंमत कळायला आधीचे दिवस पाहिलेले असावे लागतात. तेव्हा आमच्याकडे मराठी म्हणजे एका कंपनीचा फॉन्ट आणि त्याला लावलेलं डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची कुलूपकिल्ली. मजकूर त्या फॉन्टपुरताच मराठी असे. दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. डोंगल बिघडलं की काम थांबलं. मग युनिकोड आलं, मजकूर सुटा झाला, पण लिनक्सवर अक्षरं जोडण्याचं काम विखुरलेलं होतं. मुळात फ्रीटाइप प्रकल्पातून निघालेला कोड. नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप; त्या कोडची एक प्रत नोमच्या पँगोत गेली, दुसरी केडीईखालच्या क्यूटीत, आणि प्रत्येक घरी तिची वेगळी डागडुजी होत राहिली. लिबरऑफिसचा तिसराच मार्ग. एकीकडे सुधारलेलं जोडाक्षर दुसरीकडे मोडलेलंच राही. हे तुकडे हार्फबझ या एका नावाखाली आणले गेले आणि मग तुम्ही ते जवळजवळ मुळापासून नव्याने लिहून काढलंत. आज लिनक्सच्या डेस्कटॉपवर, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये आणि अँड्रॉइडच्या फोनमध्येही तेच आहे. माझी आई फोनवर पाककृती वाचते आणि मी स्क्रायबसमध्ये अंकाची पानं लावते, दोघींच्या मराठीला आकार देणारा कोड एकच.

तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो मात्र त्या तपासणीमुळे. भारतीय लिप्यांसाठीचा भाग लिहिताना तुम्ही विकिपीडियातून शब्द घेतलेत, एकट्या देवनागरीचे सात लाखांहून अधिक. त्यातला प्रत्येक शब्द हार्फबझकडून जुळवून घेतलात आणि विंडोजमध्ये हेच काम करणारं मायक्रोसॉफ्टचं यूनिस्क्राइब तोच शब्द कसा जुळवतं त्याच्याशी ताडून पाहिलात. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, गुजराती, गुरुमुखी, सगळ्यांचं तसंच. प्रत्येक बदलासोबत किती शब्द उतरले आणि किती चुकले याची नोंद केलीत. त्या नोंदी कुणालाही वाचता येतात, मी वाचल्या आहेत. शेकडा नव्याण्णवाच्या वर शब्द बरोबर आल्यावर पुष्कळ लोक थांबले असते. तुम्ही उरलेल्या शब्दांपैकी एकेकाच्या मागे लागलात.

आम्ही प्रुफं तपासणारी माणसं. शेवटच्या उरलेल्या चुका सापडायला किती वेळ खातात ते आम्हाला माहीत आहे. पण आम्ही आमच्या भाषेची प्रुफं तपासतो. तुम्ही इराणमध्ये वाढलात. तुमची लिपी फारसी, उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचं रूप बदलणारी. संगणकावर फारसी नीट चालावी म्हणून तुम्ही तरुणपणी काम केलंत, हे समजण्यासारखं आहे, आपल्या भाषेसाठी माणूस झटतोच. जी लिपी आपली नाही, तिचा एकेक शब्द तितक्याच हट्टाने बरोबर करणं मला त्याहून मोठं वाटतं. मराठीवर प्रेम असल्याचं रोज बोलणारे आमच्यात हजारो आहेत. आमचा रफार जागेवर बसावा म्हणून इतकी मेहनत घेतलेली माणसं मोजकी, आणि त्यांत तुम्ही आहात.

या मेहनतीतलं एक बारकं कलम माझ्या रोजच्या उपयोगाचं आहे. जुन्या फॉन्टवर हात बसलेले लोक पहिली वेलांटी आधी मारतात आणि मग अक्षर, टाइपरायटरवर तसंच असे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यायला हवी. शब्दाच्या सुरुवातीलाच अशी उपरी वेलांटी आली की हार्फबझ तिला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवून दाखवतं. अनुस्वाराआधी यायची मात्रा नंतर पडली तरी ते वर्तुळ दिसतं. नवीन मुलींना ते वर्तुळ म्हणजे बिघाड वाटतो. मी सांगते, ती खूण आहे, इथला क्रम चुकलाय. छापखान्यात फाइल पाठवण्यापूर्वी मी सगळी पानं एकदा फक्त त्या वर्तुळांसाठी चाळते.

आणि लिबरऑफिस! २०१३ मध्ये ४.१ या आवृत्तीपासून लिनक्सवर त्यात हार्फबझ आलं. पण विंडोजवर वेगळं यंत्र आणि मॅकवर तिसरंच, त्यामुळे माझ्याकडे नीट बसलेली ओळ प्राध्यापक महाशयांच्या संगणकावर तुटायची आणि प्रबंधाची अनुक्रमणिका पुन्हा करावी लागायची. २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ झालं. आता फॉन्ट सोबत दिला की ओळी जागच्या जागी राहतात. या कामात खालेद होस्नी यांचा मोठा हात होता, आणि झीटेकही त्यांनीच हार्फबझवर आणलं. झीटेक मुळात लिहिणारे जोनाथन क्यू यांनी हार्फबझलाही हातभार लावला आहे. त्या दोघांनाही माझा नमस्कार पोचवा. स्क्रायबसवाल्यांनाही. त्यांच्या १.५ मालिकेत देवनागरी धरू लागली आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीने माझी धाकधूक संपवली. अंकाचं अख्खं काम मोकळ्या सॉफ्टवेअरवर करायला त्यानंतर आडकाठी उरली नाही.

ल आणि श यांचं सांगितलं नाही तर मराठी वाचक मला सोडणार नाहीत. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आमची मराठी वळणं. शासनाच्या वर्णमालेतही तीच आहेत. हिंदीची वळणं निराळी. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, त्यामुळे फॉन्टमध्ये दोन आकार ठेवायचे आणि मजकुराची भाषा मराठी असेल तर मराठी आकार घ्यायचा, अशी सोय असते. मजकुराची भाषा फॉन्टपर्यंत पोचवतं ते हार्फबझ. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या रकान्यात हिंदीऐवजी मराठी निवडा, तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श तुमच्या डोळ्यांसमोर वळण बदलतात. मुंबईच्या आयआयटीने काढलेला शोभिका या कामाला फार देखणा फॉन्ट आहे. फॉन्ट करणाऱ्यांनीही या बाबतीत हात राखला नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत ज्यांनी लोहित फॉन्ट सांभाळला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेतल्या ज्या मंडळींनी मुक्त आणि बलूसारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले, त्यांचे आभार मी वेगळ्या पत्रात मानणार आहे. पण नियमांनी भरलेला फॉन्ट ते नियम वाचणाऱ्या हार्फबझसारख्या प्रोग्रामशिवाय मुकाच राहतो, हे तेही मान्य करतील.

मोडीचंही सांगायला हवं. २०१४ मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली. गूगलच्या नोटो या फॉन्टमालिकेत तिचा फॉन्ट आहे, आणि हार्फबझ तिची अक्षरंही जुळवतं. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक जुन्या दप्तरातले कागद वाचून मोडी आणि देवनागरी समोरासमोर छापून घेतात. महाराष्ट्राच्या बाहेर मोडी कोण वाचतो? आणि तरीही माझ्या साध्या, जुन्या संगणकावर ती चालते, एक रुपया न मोजता आणि कुणाकडे अर्ज न करता. बाजाराच्या हिशेबात मोडीचा नंबर कधी लागला असता, मला सांगता येत नाही.

हार्फबझचा परवाना इतका मोकळा आहे की बड्या कंपन्या ते आपल्या मालात घालतात आणि गावातली बाईही तेच वापरते. त्यांना मिळणारी मराठी आणि मला मिळणारी मराठी यांत प्रतवारी नाही. माझ्या धंद्यात याचा अर्थ फार सरळ आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या छापखान्यात जुळलेल्या पानाशेजारी माझं पान ठेवलं तर जोडाक्षरांत उणं काढता येत नाही. पूर्वी काढता यायचं, आणि लोक काढायचे.

या वर्षीपासून मी जुळवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रकाच्या नावाखाली फॉन्टचं आणि सॉफ्टवेअरचं नाव छापते. दोन लेखकांनी विचारलं, हे हार्फबझ कोण? त्यांना वर लिहिलं तेच सांगितलं आणि दोघांनीही ती ओळ राहू दिली.

तुम्हाला किंवा आता हार्फबझ सांभाळणाऱ्या मंडळींना तपासायला मराठी शब्द हवे असतील तर माझ्याकडे पुष्कळ आहेत: शेतीचे, गणिताचे, वैद्यकीचे, कवितेतले, सोसायट्यांच्या अहवालांतले. लेखकांची परवानगी घेऊन शब्दांची यादी करायला घेतली आहे. ऱ्य आणि ऱ्ह असलेले शब्द आधी काढते आहे, कारण ते हिंदीच्या यादीत तुम्हाला फारसे मिळायचे नाहीत. यादी झाली की प्रकल्पाकडे पाठवते.

आपली कृतज्ञ,
सांगलीची एक डीटीपीवाली